दुर्री, पंजी, नव्वी

खामगावात भाऊराव ग्रेडरइतके पत्ते फेकून देणारा माणूस दुसरा नाही. पोळ्याच्या करीला, म्हणजे दुसऱ्या दिवशी, आमच्या कापसाच्या जिनिंगच्या शेडात दिवसभर तीन पत्ती चालते. बैलांना सुट्टी, कारखान्याला सुट्टी आणि बायकांनाही आमच्यापासून सुट्टी. डावाआधी प्रत्येकाने टाकायचा बूट दहा रुपयांचा, रोखीचा खेळ, फोनवरून पैसे चालत नाहीत. त्यात भाऊराव सकाळी दहापासून बसणार आणि वीस डाव झाले तर सोळा वेळा पत्ते उचलून, बघून, शांतपणे खाली टाकणार. ‘पॅक.’

मी शेखर, जिनिंगच्या गेटसमोर पंक्चरचं दुकान आहे माझं. मला तीन पत्ते आले की तिन्ही जिंकायचेच वाटतात, म्हणून मी संध्याकाळी रिकाम्या खिशाने पायी घरी जातो. भाऊरावांचा हिशेब वेगळा. राजाखालची जोडी असली तर पॅक. एकटा एक्का असला तर पॅक. कलर असेल आणि समोर एकच भिडू उरला असेल तर बसायचं. सीक्वेन्स, म्हणजे लागोपाठचे तीन पत्ते, असेल तर मात्र उठायचं नाही, जोडी त्यापुढे हरतेच. तीस वर्षं त्यांनी कापसाचा पुंजका दोन चिमटीत ओढून धाग्याची लांबी सांगितली. किडका, डागी असा कवडी कापूस ते न बघता बाजूला सारायचे. पत्त्यांचंही तसंच. त्यामुळे भाऊराव टिकले म्हणजे हातात काहीतरी जबर आहे, हे शेडातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

सात वर्षांपूर्वी त्यांची ग्रेडरकी गेली. राजकुमार हा कापूस खरेदी करून जिनिंगला घालणारा. भाऊरावांनी सकाळी पास केलेल्या त्याच्या दोन गाड्यांवर त्याने जेवणाच्या सुट्टीत पाइपने पाणी मारलं आणि मग वजनाचा काटा केला. चौथ्या दिवशी ढीग तापला, कापूस पिवळा पडला. राजकुमार मालकांना म्हणाला, ग्रेडरने पैसे खाऊन ओला माल घेतला. मालक भगवंतराव यांनी भाऊरावांना गेटवर, कापूस निवडणाऱ्या साठ बायांसमोर, ‘पैसेखाऊ’ म्हणून हाकललं. पाइप मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता. मी बोललो नाही, दुकान जिनिंगच्या जागेत आहे. याची लाज मला आहे आणि राजकुमारवरचा अर्धा राग खरं तर माझा माझ्यावरच आहे.

भाऊराव तेव्हापासून एका गोदामात पोती मोजतात. घरात सिंधूताई, त्यांची बायको, नवऱ्यापेक्षा कडक. दर करीला डबा देताना एकच सांगायची, “त्याले सोडू नका.” आणि दर करीला भाऊराव राजकुमारसमोर बसायचे, पॅक व्हायचे आणि घरी जायचे. मला वाटायचं, म्हातारा मोठ्या पत्त्यांची वाट बघतोय.

राजकुमार कायम ब्लाइंड खेळतो, म्हणजे पत्ते न बघता. ब्लाइंडला निम्मेच पैसे लावायचे असतात आणि ज्याने पत्ते बघितले त्याला ब्लाइंडकडे शो, म्हणजे पत्ते उघडून निकाल, मागता येत नाही. लावत राहायचं नाहीतर पळायचं. खिसा जड असला की हे फार सोपं शौर्य आहे. चांगले पत्ते असूनही लोक त्याच्यापुढे पैसे संपून मेलेत.

यंदा भगवंतराव पहिल्यांदाच खेळायला बसले. सून राखी पोरं घेऊन माहेरी गेलेली, घर खायला उठलं म्हणाले. दुपारच्या एका डावात ते पॅक झाले, मी झालो, बाकीचेही झाले. राजकुमार ब्लाइंड. भाऊरावांनी पत्ते उचलले. मी शेजारीच होतो, मला दिसले. चौकटची दुर्री, किलवरची पंजी, बदामची नव्वी. यापेक्षा भिकार पान पडणं अवघड आहे. मी पॅक ऐकायला कान लावला आणि भाऊरावांनी चाल टाकली.

राजकुमारने ब्लाइंड टाकली, भाऊरावांनी पुन्हा चाल. पुन्हा, पुन्हा. शेवटी त्यांच्यापुढची रोख संपली.

आमच्याकडे रोख संपली की बोल लावता येतो. जो हरेल त्याने बोललेलं करायचं. पण बोल शो झाल्यावरच लागू होतो, जो आधी पॅक झाला त्याचे फक्त पैसे जातात, बोल सुटतो.

“बोल लावतो,” भाऊराव म्हणाले. “म्या हारलो तं कागदावर लिहून देतो, पैसे खाऊन वला कापूस म्याच घेतला. तू हारला तं सांगजो, गाड्यायवर पानी कोनं मारलं.”

तो कागद राजकुमारला हवाच होता. गावात कुजबुज अजून चालू होती आणि भगवंतराव यंदाची खरेदी त्याला द्यायला टाळाटाळ करत होते. त्याने मांडीवर थाप मारली. “मंजूर. तू हारला तं लेहून दे, म्या हारलो तं सांगतो.”

मालकांनी मान वर केली. “काय सांगशीन बे?”

“नाही म्हंजे... खेळातलं बोलून राह्यलो मालक.”

राजकुमारच्या कपाळावर घाम आला. सात वर्षांत पहिल्यांदा त्याने भाऊरावांसमोर आपले पत्ते उचलले. मग भाऊरावांकडे बघितलं. हा माणूस सीक्वेन्सशिवाय एवढा टिकत नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर मला वाचता येत होतं. भाऊराव दात कोरत होते. त्याने नुसता शो मागितला असता तर म्हातारा आपल्या हाताने स्वतःला चोर लिहून देणार होता.

“पॅक,” राजकुमार म्हणाला. “घे पैसे. बोल सुटला.”

भगवंतरावांनी हात लांबवून त्याचे टाकलेले पत्ते उलटे केले. दोन राजे आणि एक सत्ती.

“दोन राजे घेऊन पयाला तू?” मालकांचा आवाज एकदम खाली आला. “सांगाले काही नव्हतंच, तं शो काऊन नाही मागतला?”

मग मी बोललो, सात वर्षं उशिरा. “पाइप म्या पाह्यला मालक. यानंच मारलं पानी.” दुकान गेलं तर जाऊ दे, असं तेव्हा खरंच वाटलं.

तेव्हा मला कळलं की म्हातारा पत्त्यांची वाट बघतच नव्हता. मालक समोर येऊन बसतील त्या डावाची बघत होता. मग हातात काहीही येवो.

“भाऊराव, उद्यापासून या कामावर,” भगवंतराव खाली बघत म्हणाले.

“गेटवर काहाडलं होतं मले. बाया येतीन तवा गेटवरच बोलावजा,” भाऊराव म्हणाले. मालकांनी मान हलवली.

समोरचा पॅक झाला की जिंकणाऱ्याला आपले पत्ते दाखवायची गरज नसते. भाऊरावांनी ते उचलले, राजकुमारसमोर सरकले आणि त्याच्या दोन राजांशेजारी एकेक करून मांडले. दुर्री. पंजी. नव्वी.

राजकुमारचा चेहरा पांढरा पडला.

“नीट पाहून घे,” भाऊराव म्हणाले, “अन् जलमभर याद ठेवजो.”