अलीकडचा फोटो

एसटी स्टँडच्या खांबावर एक बाई बेपत्ता मुलाच्या फोटोचा कागद चिकटवत होती. फोटो अगदी ताजा वाटत होता. मला तिचा हेवा वाटला.

माझ्या थोरल्या भावाला, सुधाकरदादाला, भास व्हायचे. तासन्‌तास तो स्वतःशीच बोलत बसायचा. एका सकाळी दार उघडं राहिलं आणि तो निघून गेला. चौकीत हवालदार म्हणाले, "अलीकडचा फोटो आणा."

आम्ही घरातले सगळे अल्बम उपसले. माझं लग्न, ताईचं लग्न, पोरांची बारशी. दादा कुठेच नव्हता. पाहुणे यायचे म्हटलं की आम्हीच त्याला मागच्या खोलीत बसवून बाहेरून कडी लावायचो. शेवटी कॉलेजातला फोटो दिला. दाट केसांचा, हसरा. तसा माणूस आता कुणाला दिसणारच नव्हता.

वर्षभर देवळं, दवाखाने, स्टेशनं पालथी घातली. दादा सापडला नाही.

एकदा शेजारच्या काकू हळूच म्हणाल्या, "वाईट वाटतं हो, पण एका अर्थी सुटलात तुम्ही."

आई ताडकन उठून आत गेली. आम्ही बाकीचे तिथेच बसून होतो. काकूंना 'असं बोलू नका' म्हणायला आमच्यातल्या एकाचंही तोंड उघडलं नाही.