दुपारचे पाय

सोलापुरात ऊन कुणाला चुकलंय? पण केराबाईचं ऊन निराळं. सकाळी घागर घेऊन ताठ चालणारी ही धनगराची लेक, सूर्य डोक्यावर आला की तिचे पाय दुसऱ्याच बाईचे व्हायचे. गल्लीला तेवढंच पाहिजे होतं. सासू अंबुबाई तर भिंतीला ऐकवायची, "कामाच्या टायमालाच बरी पडती की गं!"

सात रस्त्याजवळचे डॉक्टर शंकरप्पा मात्र हसले नाहीत. मुंबईला पाठवून तपासून घेतलं, तर मल्टिपल स्क्लेरोसिस निघालं. ते नाव तिच्या जिभेवर बसेना.

"ऱ्हाऊ दे नाव, केरव्वा. विजेच्या तारेचं रबर खरवडलं की दिवा लुकलुकतो का नाही? तुझ्या नसांचं तसंच. उन्हानं जास्त. औषध माझ्याकडं नाही. सावली धर, अंग गार ठेव. आणि कुणी सोंग म्हटलं तर माझ्याकडं पाठव."

हे शेवटचंच तिला गोळीसारखं लागू पडायचं.

बहात्तरचा दुष्काळ सरला आणि शंकरप्पा खुर्चीतच गेले. त्या खुर्चीत नवा डॉक्टर आला. टेरिलीनचा शर्ट, घरातसुद्धा गॉगल. पेशंट बघायचा फक्त सकाळी. केराबाई सकाळी गेली, म्हणजे चालतच गेली.

"चालतेस की! नवऱ्याशी भांडलीस काय?" म्हणून त्यानं टॉनिक लिहून दिलं. एवढा शिकलेला गडी, टॉनिकनं तार जोडायला निघाला!

केराबाईनं माळ्यावरची बापाची काळी घोंगडी ओढली. "आत्या, चला संगं. त्येला दुपारचे पाय दावते."

भर उन्हात दवाखान्याच्या पायरीवर ती घोंगडी पांघरून बसली.

"येड लागलंय व्हय तुला?" अंबुबाई ओरडली.

केराबाई उठायला गेली तर पाय नव्हतेच. दवाखान्याच्या पाटीच्या दोन पाट्या दिसायला लागल्या. अंबुबाईनं उठवायला तिच्या काखेत हात घातला. अडून बसलेलं मेंढरू कसं लागतं आणि जीव गेलेलं कसं, हे जन्मभर मेंढरं उचललेल्या हातांना कळत होतं. हे अडून बसलेलं नव्हतं.

अंबुबाईनं हाका मारमारून बोलावल्यावर डॉक्टर दारात आला. "ऊन लागलंय. माठातलं पाणी ओता," म्हणाला आणि जेवायला आत गेला.

अंबुबाईनं सुनेला लिंबाखाली ओढून माठ रिकामा केला. अंग निवलं, पाय हळूहळू परत आले. केराबाई झाडाला धरून उभी राहिली, आणि नेमका तेव्हाच डॉक्टर हात पुसत बाहेर आला.

"बघ, झालीस ना बरी? म्हटलं नव्हतं? टॉनिक चालू ठेव."

"व्हय सायेब," केराबाई म्हणाली. "लई भारी हाय टॉनिक. तुमीच घ्या."

अंबुबाईनं ओली घोंगडी स्वतःच्या खांद्यावर टाकली. "डोळं हायती का बटनं मेल्याला! चल. भित्तीच्या कडंनं चल, तितं सावली हाय. आन् गल्लीत कुणी सोंग म्हनलं तर मला हाक मार. सांगते एकेकीला."

"एवढं कळायला एक डाक्टर मरावा लागला, आत्या."

"गप चल," अंबुबाई म्हणाली, आणि स्वतः उन्हाच्या बाजूनं चालायला लागली.