स्वतःच्या रानातलं पाणी

"स्वतःच्या रानातलं पाणी स्वतः बघू नये," असं चिंधा बागूल एकदा म्हणाला होता.

भिमाबाईच्या खानावळीत, पहिली पाळी सुटल्यावर, दुपारी साडेतीनच्या सुमाराला. तो कांदा बुक्कीने फोडत होता आणि कुणी काही विचारलेलं नव्हतं. समोरच्या बाकावरच्या दोघांनी मान वर केली, पुन्हा ताटात घातली. वाक्य तसंच टेबलावर राहिलं, मिठाच्या वाटीशेजारी.

ते त्याच्या वडिलांचं वाक्य होतं. झुंबर बागूल साक्रीकडचे पाणाडे. सोललेला नारळ तळहातावर आडवा ठेवायचे, शेंडी बोटांकडे, आणि अनवाणी रान चालायचे. खाली पाणी असेल तिथे नारळ हातावर उभा राहायचा. लोक तिथे चुन्याने फुली मारत आणि दुसऱ्या दिवशी बोअरची गाडी बोलावत. झुंबर यांनी परक्या रानांत कितीतरी फुल्या मारून दिल्या, पण स्वतःच्या चार बिघ्यांत मात्र पिंपळनेरचा दुसरा पाणाड्या आणला. त्याने दाखवलेली जागा कोरडी निघाली. झुंबर त्याला एक शब्द बोलले नाहीत. आपल्या रानात नारळाच्या आधी मन उभं राहतं, असं ते म्हणत. फुली चुकली तर काय करायचं हेही त्यांचं ठरलेलं होतं. कोरड्या बोअरपाशी एकदा जाऊन उभं राहायचं, त्या घरचं पाणी प्यायचं नाही आणि काही न बोलता बांध ओलांडायचा. अशा वेळी पाणाड्याने तोंड उघडलं तर त्यातून सबबच निघते.

चिंधा लहानपणी त्यांच्या मागे चपला धरून चालायचा. नारळ कधी त्याच्या हातात आला नाही.

आता तो बावन्न वर्षांचा आहे. वापीकडच्या सायली गावातल्या सुताच्या कारखान्यात एकोणीस वर्षं मशीनवर आहे. बायको सहा वर्षांपूर्वी गेली. मुलगी सोनी नंदुरबारला दिली, ती सणाला फोन करते. मशीनच्या आवाजाने त्याचे कान गेले, पूर्ण नाही, पण निम्मे. त्याच्याशी बोलताना प्रत्येक वाक्य दोनदा बोलावं लागे. लोक काही दिवस दोनदा बोलले, मग एकदा, मग बोलायचे राहिले. भिमाबाई तेवढी अजून दोनदा बोलते. ती शिरपूरकडची, तिची बोली त्याच्याच मुलखाची. "भाऊ, भाकर लेतस का?" आणि मग, थोडं मोठ्याने, "भाकर, भाऊ." दिवसभरात त्याच्याशी झालेलं बोलणं पुष्कळदा एवढंच असायचं.

शेअरचं सुरू झालं ते कारखान्यातच. अविनाश नावाचे नाशिकचे इंजिनियर नव्या पोरांना सांगत होते की हे पॉलिस्टरचं सूत म्हणजे शेवटी जमिनीखालचं तेल. चिंधा शेजारच्या मशीनवर बॉबिन चढवत होता. त्याने ऐकलं आणि हाताकडे पाहिलं. एकोणीस वर्षं बोटं तेलकट होती. ते तेल मशीनचं असतं, सुतावर फवारलेलं असतं, हे त्याला माहीत होतं. पण त्या दिवशी त्याला वाटलं की आपणही जमिनीखालच्याच वस्तूला हात लावतोय, बापासारखा.

नवनाथ नावाचा धरणगावचा एक जण त्याच्याच खात्यात होता, पंचविशीतला. फोनवर शेअर घेणं-विकणं करायचा. त्याने चिंधाला खातं उघडून दिलं. तेल शोधणारी एक लहान कंपनी होती. भरूचच्या पुढे कुठेतरी शेतजमिनीत तिच्या एका विहिरीचं खोदकाम चालू होतं. शेअर अकरा रुपयांना मिळत होता. चिंधाने घेतले. दोन महिन्यांत एकोणीस झाले, मग चोवीस.

खानावळीत पहिल्यांदा कुणीतरी आपलं ताट उचलून त्याच्या बाकावर आलं, ते या चोवीसच्या दिवशी.

नंतर रोजच येऊ लागले. खात्यातला वाल्मिक आला, खडोलीच्या प्लास्टिकच्या कारखान्यातले दोघे आले. शेअरचं नाव कुणी घेत नसे, सगळे 'विहीर'च म्हणत. आज विहीर किती, विहिरीला काय झालं. चिंधाचा बाप पाणाड्या होता हे नवनाथने सगळीकडे केलं होतं. "अरे, आप्पा के खून में है," तो म्हणायचा. "ह्यांनी बोट ठेवलं की समजायचं." आणि ते सगळे चिंधाला ऐकू जावं म्हणून दोनदा बोलत होते. तीनदाही. त्याच्या खोलीत एक खाट, एक शेगडी आणि सोनीच्या लग्नातला एक फोटो होता. तिथे परत जाताना आता त्याच्या कानात मशीनऐवजी माणसं वाजत असायची.

मग कंपनीची सूचना आली. इंग्रजीत होती. नवनाथने ती फोनकडून मराठीत करून घेतली आणि मोठ्याने वाचली. विहिरीत वायूचे कार्यक्रम आढळले.

"कार्यक्रम?" वाल्मिक म्हणाला. "मग तमाशा का ऑर्केस्ट्रा?"

"तिकीट काढलंय ना आपण. येईल ते बघू," नवनाथ म्हणाला.

सगळे हसले. चिंधाही हसला, जरा उशिरा.

दुसऱ्या दिवशी त्याने अविनाशसाहेबांना ती सूचना फोनवर दाखवली. त्यांनी समजावून सांगितलं. मूळ इंग्रजीत 'गॅस शोज' आहे, कार्यक्रम नव्हे; खोदताना वर येणाऱ्या चिखलात गॅसचा अंश दिसला आहे, एवढाच त्याचा अर्थ. पुरेसा आहे की नाही ते चाचणीनंतर कळेल. बरेचदा नसतो. चिंधाला हे दोनदा सांगावं लागलं नाही. बोअरच्या गाडीपाशी त्याचं बालपण गेलं होतं. खालून वर येणारी माती आधी कोरडी पांढरी असते, मग गडद होते, मुठीत धरली की गोळा होतो. तिला ओल म्हणतात. ओल लागली की रानाचा मालक गूळ वाटायला धावतो आणि पाणाड्या त्याचा हात धरतो. ओल म्हणजे पाणी नव्हे.

हे त्याने त्या दुपारी बाकावर सांगायला हवं होतं. तो सांगणार होता. पण नवनाथने त्याच्यासाठी मधली जागा धरून ठेवली होती आणि बसल्याबरोबर विचारलं, "आप्पा, लागलं ना?"

"लागलं," चिंधा म्हणाला.

काय लागलं ते त्याने म्हटलं नाही.

भिमाबाईने आतापर्यंत या सगळ्याकडे लक्ष दिलं नव्हतं. तिला शेजारचा गाळा घ्यायचा होता. पावसाळ्यात अर्धी माणसं दारात उभं राहून जेवतात, म्हणून. मालकाने अनामत वाढवली होती आणि तिच्याकडे होते ते पुरत नव्हते. एका शनिवारी गर्दी ओसरल्यावर ती हात पुसत चिंधासमोर बसली. इतक्या वर्षांत ती त्याच्यासमोर कधी बसली नव्हती. तिचं म्हणणं सरळ होतं. फोनमधलं तिला कळत नाही, पोरांच्या बोलण्यावर ती विश्वास ठेवत नाही. भाऊंनी एकदा डोळ्यांनी बघून यावं. ते सांगतील तसं ती जमवलेल्या पैशांचं करील.

तो रविवारी गेला. वापीहून भरूच, तिथून एसटी, मग तीनचाकी छकडा रिक्षातून ऊन खात दहा किलोमीटर. पिशवीत एक सोललेला नारळ होता. तो कशाला घेतला, हे त्याने स्वतःला विचारलं नव्हतं.

कपाशीच्या शेतांमध्ये तारेचं कुंपण होतं. आत मोठं यंत्र असेल असं त्याला वाटलं होतं. आत काही नव्हतं. चाकांनी रुतलेली जमीन, वाळत आलेला चिखलाचा खड्डा आणि मधोमध सिमेंटचा एक चौथरा. त्यातून हातभर पाइप वर आला होता, तोंडाला लोखंडी पत्रा जोडून बंद केलेला. झाडाखाली बसलेल्या राखणदाराने सांगितलं की मशीन पंधरा दिवसांपूर्वी गेलं, बाकी साहेबांना ठाऊक.

साक्रीकडे कोरड्या बोअरच्या तोंडावर दगड ठेवतात, पोरं पडू नयेत म्हणून. चिंधाने लहानपणी तसे पुष्कळ दगड पाहिले होते. चौथऱ्याकडे पाहताना त्याला कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती.

तरी तो कुंपणाच्या कडेने थोडा पुढे गेला. चपला काढल्या. पिशवीतून नारळ काढून तळहातावर आडवा ठेवला, शेंडी बोटांकडे, आणि चालू लागला. ढेकळं तापलेली होती. त्याला भिमाबाईचा गाळा दिसत होता, भिंत पाडून मोठी केलेली खोली, त्यात एक लांब बाक, बाकाच्या मध्यावर त्याची जागा.

नारळ उभा राहिला.

तो बराच वेळ तसाच थांबला. राखणदार लांबून बघत होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या हातावर नारळ उभा राहिला होता आणि तो कुणाच्या रानात उभा राहिला हे त्याला नीट कळत होतं.

सोमवारी खानावळीत भिमाबाईने त्याच्यासाठी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी केली होती, सोबत ठेचा. बाकावर सगळे होते. भिमाबाईने ताट ठेवलं आणि उभ्याउभ्याच विचारलं.

"भाऊ, खरं सांगा. ओल शे का पानी शे?"

तिने एकदाच विचारलं. त्याला पहिल्याच वेळी ऐकू आलं.

"पानी शे," तो म्हणाला.

मंगळवारी सकाळी बाजार उघडताच तिने नवनाथकडून शेअर घेववले. गाळ्यासाठी जमवलेलं सगळं त्यात गेलं.

चिंधाला स्वतःचे विकता आले असते. त्याच दिवशी त्याने फोन उघडला, विकायच्या बटणावर अंगठा नेला. विकणं म्हणजे चौथरा पाहिला हे कबूल करणं. त्याने अंगठा काढला आणि फोन खिशात ठेवला. बुधवारीही तसंच.

गुरुवारी कंपनीने कळवलं की विहिरीत विकण्याजोगा गॅस नाही, ती बंद करण्यात आली आहे. त्या दिवशी भाव जितका खाली जाऊ शकतो तितका सकाळीच गेला आणि तिथे व्यवहार थांबला. विकणारे हजारो, घेणारा कुणी नाही. शुक्रवारी तसंच, सोमवारीही तसंच. नवनाथ रोज सव्वानऊला विकणाऱ्यांच्या रांगेत नंबर लावायचा आणि रोज तो नंबर तसाच राहायचा. दोन आठवड्यांत चोवीसचे नऊ झाले.

कुणी भांडलं नाही. ताटं मात्र आपापल्या जुन्या बाकांवर परत गेली. नवनाथ मशीनवर शेजारी असूनही काही लागलं तर हाताने खुणावू लागला. वाल्मिक एकदाच, भिंतीकडे बघत, बोलला. "पाणाड्या तिथे जाऊन बघून आला होता ना? मग त्याने आपलं आधीच काढून घेतलं असणार. आपण काय, नारळ फोडायला." चिंधाला ते ऐकू गेलं नसेल असं त्यांना वाटलं.

शेजारचा गाळा मोबाइल दुरुस्तीवाल्याने घेतला. एका बुधवारी दुपारी तिथे पाटी लावायचं काम चाललं होतं, ड्रिलचा आवाज भिंतीतून येत होता. चिंधा त्याच्या बाकावर एकटा होता. भिमाबाईने नेहमीसारखं ताट आणून ठेवलं, पाण्याचा पेला ठेवला. ती परत गेली नाही. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

"भाऊ," ती म्हणाली, "तुमना शेर शेतस का इकी टाकात?"

आहेत की विकलेत, एवढंच तिला हवं होतं. ड्रिल थांबलं. तिला वाटलं आवाजात ऐकू आलं नसेल, म्हणून ती जरा वाकली आणि पुन्हा बोलली, मोठ्याने, पूर्वीसारखंच.

"इकी टाकात का, भाऊ?"

दुसऱ्या बाकांवरचे हात थांबले. चिंधाच्या खिशात फोन होता. तो उघडून तिच्यापुढे धरला असता तर तिला दिसलं असतं की एकही शेअर हललेला नाही. त्याचा हात खिशापर्यंत गेला. तिथेच थोडा वेळ राहिला. मग तो रिकामाच बाहेर आला.

भाकरीला त्याने हात लावला नव्हता. पेल्यातलं पाणी काठोकाठ होतं. तो उठला, बाक नीट आत सारला, दाराशी चपला घातल्या आणि उंबरा ओलांडून बाहेर पडला.