बंद बाजारातली तेजी

ती घटना आठवली की आजही आधी काकू डोळ्यांपुढे येतात, आरोपी नंतर. संस्थान नुकतंच विलीन झालं होतं. आमच्या टोपीवरचा बिल्ला बदलला, तरी लष्कर शहरातल्या लोकांसाठी मी दरोगाजीच, त्यांच्या ठाण्याचा फौजदार, होतो.

काकू आमच्या शेजारच्या. त्यांचे यजमान जुन्या दरबारात दफ्तरदार होते. विलीनीकरणात ती जागाच गेली. एका दुपारी भाजीची पिशवी घेऊन काकू थेट कोतवालीत आल्या.

"बाळ, उद्या आमचं घर विकायचं खरेदीखत आहे. त्या पैशांत तुझे काका उद्याचा भाव सांगणारं एक यंत्र घेणार आणि चांदीचा सट्टा करणार. माझं ऐकत नाहीत. तू एकदा बघून तर घे."

यंत्र विकणारा पडाव भागातल्या एका हॉटेलात उतरला होता. मी त्याला पेटीसकट ठाण्यात आणवलं. मागोमाग काकाही तणतणत आले. कुलूपबंद लाकडी पेटी, वर पितळी तबकडी. तारीख लावून मूठ फिरवली की काटा 'तेजी' नाहीतर 'मंदी'वर थांबायचा.

"यंत्राला उद्याचं कळतं, तर विकतोस कशाला?" मी विचारलं.

"सेवा समझिए, साहब."

असली सेवा करणारे मी पुष्कळ पाहिले होते. डोकं तापलं, पण ताप चढून गुन्हा शाबीत होत नाही.

"मी काही आंधळेपणानं घेत नाहीये," काका म्हणाले. "सराफ्यातल्या भावांची वर्षभराची वही आहे माझी. एकूण एक तारीख पडताळून पाहिली."

मी वहीतल्या दहा तारखा लावल्या. दहाही जुळल्या.

मग मला त्याच वर्षातला हरताळाचा दिवस आठवला. तेव्हा सराफ्यात बंदोबस्ताला मीच उभा होतो. ठाण्याच्या नोंदींचा रोजनामचा मागवला. नोंद होती: सराफा दिवसभर बंद, भाव निघाला नाही. तीच तारीख लावून मूठ फिरवली. काटा तेजीवर थांबला.

"बंद बाजारात तेजी आली कुठून?"

विकणारा गडबडला. "काकाजी की कॉपी में भी तो तेजी लिखी है."

"वहीत काय आहे ते तुला कसं ठाऊक?"

काकांचा चेहरा उतरला.

"आठ दिवस वही याच्याकडे होती. यंत्र इथल्या बाजाराला लावून घ्यायचं म्हणाला." मग खाली बघत म्हणाले, "ती नोंद माझ्या मनची आहे. कोरी जागा सोडायची नाही, ही दफ्तरातली सवय. अंदाजानं तेजी लिहिली. यंत्रानंही तेजीच सांगितली, तेव्हा मला आनंदच झाला होता."

उभ्या नोकरीत त्यांच्या कागदावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. तरी शिपायांदेखत म्हणाले, "जबाबात हेही लिहून घे." मला फार वाईट वाटलं, आणि अभिमानही वाटला.

पंचांसमक्ष पेटी उघडली. आत एक लाकडी रूळ, त्यावर वहीबरहुकूम ठोकलेले खिळे. पुढच्या तारखांचे खिळे मनाला येतील तसे. विकणाऱ्यानं कबुली दिली. खरेदीखत झालं नाही.

पुढे नोकरीत भाव सांगणारी बरीच यंत्रं आणि माणसं पाहिली. मागचं बिनचूक सांगणाऱ्याला मी आधी एवढंच विचारत असे, ते त्याला कुठून कळलं. काकांसारखा काटेकोर माणूसही इथंच फसला होता.

निकालानंतर मुद्देमालातली वही परत दिली. काकांनी माझाच टाक मागून घेतला, 'तेजी'वर रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, 'बाजार बंद'. मग शाई वाळेपर्यंत तिथंच बसून राहिले.