पहाटे पाचचं पाणी

हे मी आमच्या ह्यांनाही सांगितलेलं नाही. म्हणजे — मोटरचं त्यांना ठाऊक आहे, त्यांनीच बसवली. पुढचं नाही. तुम्हाला का सांगतेय, कोण जाणे. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

बदलापूरला आमची सोळा घरांची सोसायटी. मी तळमजल्यावर, आणि सेक्रेटरीही मीच — माझं तोंड चालतं ना! पाण्याच्या ऑफिसात टेबल आपटून बोलायचं तर पुढे कोण? मी.

त्या उन्हाळ्यात सोसायटीच्या टाकीत पाणीच पडेना. टँकर मागवायचे, आणि वर पाण्याचं बिल यायचं ते यायचंच. लोक भडकले. न आलेल्या पाण्याचं बिल का भरायचं? बरोबरच होतं त्यांचं. तिसऱ्या मजल्यावरच्या सावंतबाई, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या, टँकरखाली हंडा घेऊन उभ्या राहायच्या. मीटिंगमध्ये सगळे विचारू लागले, पाणी जातं कुठे? मी म्हटलं, पाणी सोडणारा वॉलमन रस्त्यावरच्या लाइनचा वॉल उघडतच नाही. पटकन निघालं तोंडातून. की — पटकन नाही? आता कशाला लपवू. ठरवलेलंच होतं.

कारण पाणी येत होतं. रोज पहाटे पाचला, पाऊण तास. करंगळीएवढी धार, पण येत होतं. टाकीकडे जाणारी लाइन माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीलगत, आणि तिलाच आमची मोटर जोडलेली. दोन टाक्या, चार पिंपं, शिवाय बाल्कनीतल्या कुंड्यासुद्धा. टाकीपर्यंत काय पोचणार, कपाळ? शरम वाटत नव्हती का? वाटायची. पण भरलेलं पिंप दिसलं की बरंही वाटायचं.

वॉलमन म्हणजे म्हात्रेकाका. जवळच्याच गावचे, ठेकेदाराकडे कामाला. वॉल उघडून सायकलवरून परत निघाले की माझ्या दारात थांबायचे, मी चहा द्यायची. आत मोटरची घरघर चालू. त्यांना ऐकू येत नव्हती? सगळं कळत होतं त्यांना. एकदाच हसत म्हणाले होते, वरच्यांनाही थोडं राहू द्या. मीही हसले. तेवढंच.

तक्रारीचा अर्ज मीच लिहिला. चार महिने थेंबभर पाणी नाही, बिल रद्द करा. खाली सोळा सह्या. पाण्याच्या ऑफिसातले साहेब चौकशीला येणार म्हटल्यावर आदल्या दिवशी मोटर काढून माळ्यावर टाकली. साहेबांनी जिन्याखाली सगळ्यांसमोर काकांना झाप झाप झापलं. काका माझ्याकडे वळले.

"ताय, पानी मी रोज सोडलंय. तुमी तरी सांगा."

मोटरचं नाव ते घेऊ शकले असते. घेतलं नाही. माझ्यावर सोडलं. आणि मी —

"मला काय माहीत, काका? मी तेव्हा झोपलेली असते."

रोज पाचला चहा देणारी मी!  काकांनी मान खाली घातली.

बिल माफ झालं. काकांना ठेकेदाराने काढून टाकलं. सत्यनारायणाच्या पूजेला सोसायटीने मला शाल-श्रीफळ दिलं, सावंतबाईंनी ओवाळलं. त्या फोटोत मी छान हसतेय. साहेबांकडे जाऊन खरं सांगता आलं असतं — दुसऱ्या दिवशी, महिन्याने, कधीही. नाही गेले.

मागच्या महिन्यात भाचीचं नवं घर बघायला अंबरनाथला गेले, शिवमंदिराच्या बाजूला. गेटवर वॉचमनच्या खुर्चीत काका. फार वाळलेत. वाटलं, शिवी देतील — दिली असती तर बरं झालं असतं. ते उठून उभे राहिले. वहीत माझं नाव लिहून घेतलं आणि अगदी काळजीने विचारलं,

"पानी येतंय ना ताय आता?"

येतं, म्हटलं मी, आणि लिफ्टकडे गेले.