उलट्याची मागची बाजू

नणंदेचा नागपूरहून फोन आला तेव्हा मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. "वहिनी, आई गेली..." एवढंच ती बोलू शकली. आणि मी खुळ्यासारखं विचारलं, "कुठं गेल्या?" कारण सासूबाई सदा कुठं ना कुठं जातच असत. आज मरोद्याला मैत्रिणीकडे, उद्या जामुलला बारशाला. लेकीकडे गेल्या होत्या त्याही चार दिवस मजा करायला. आदल्याच दिवशी फोनवर माझ्याशी कडाकडा भांडल्या होत्या, मोज्याची टाच मी चुकीची विणली म्हणून. भांडून झाल्यावर स्वतःच हसत सुटल्या. दुसऱ्या दुपारी जेवून आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. याला आता महिना होऊन गेला. रडायचं तेवढं रडून झालं, आणि आईंबद्दल सांगायला बसलं की हसूच आधी येतं, त्याला माझा इलाज नाही.

मी मूळची सांगलीची, भिलाईच्या एका शाळेत गणित शिकवते. आई भंडाऱ्याकडच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. लग्न होऊन सासऱ्यांच्या मागे स्टील प्लांटच्या नोकरीपायी इथे आल्या. पंजाबी शेजारणीकडून विणकाम शिकल्या आणि पुढे आमच्या सगळ्या रुआबांधा वस्तीला स्वेटर घातले. सासरे रिटायर झाले, त्यानंतर एका सकाळी पोळी लाटता लाटता त्या म्हणाल्या, "सूनबाई, मले दहावी करायची हाय."

"आता? कशाला हो आई?"

"सातवीत असतानी शाळा सोडवली माह्या बापानं. पहिला नंबर होता मा! अर्धं विणून टाकून देल्लेलं तू या घरात कधी पाह्यलं काय?"

मला काय, आनंदच झाला. ओपन स्कूलमध्ये नाव घातलं. मी शाळेतून आले की चहा आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर गणित, असा आमचा रतीब सुरू झाला. पण बाई गं, माझ्या चाळीस पोरांच्या वर्गाने मला कधी दमवलं नाही तेवढं या एका विद्यार्थिनीने दमवलं! प्रत्येक गोष्टीला "कावून?", म्हणजे का? पूर्णांकांची बेरीज-वजाबाकी मात्र त्यांनी चटकन उचलली. बाहीचे टाके वाढवले की अधिक, गळ्याचे घटवले की उणे. उण्यातून उणे वजा केलं की वाढतं कसं, हे मी सांगायच्या आत त्याच म्हणाल्या, "घटवलेलं उसवलं का टाके वापस येते, त्यात काय मोठं!"

गाडी अडली ती गुणाकाराशी. उणे गुणिले उणे अधिक. "कावून?" मी संख्यारेषा काढली, कोष्टक काढलं, पाढे उलटे म्हणून दाखवले. आई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "उसवणं म्हणजे वजाबाकी झाली, ते समजलं. गुणाकारात आपण काय उसवून राह्यलो?" शेवटी मी वैतागून म्हटलं, "नियम आहे आई, पाठ करा आणि लिहून मोकळ्या व्हा." झालं! पुस्तक मिटलं. "समजलं नाही ते लिवलं तं ती कॉपीच झाली. मी नाही बसत परीक्षेले."

परीक्षा तोंडावर आलेली, आणि आमचा अबोला. मीठ हवं असलं तरी निरोप सासऱ्यांमार्फत. ते बिचारे दोघींच्या मध्ये बसून जेवायचे आणि म्हणायचे, "बाप्पा, यापेक्षा ब्लास्ट फर्नेस थंडी होती!" मला रागही येत होता आणि भीतीही वाटत होती. बापाने एकदा सोडवलेली शाळा आता माझ्यामुळे दुसऱ्यांदा सुटणार की काय?

मग एका रविवारी आई गच्चीत उन्हाला बसून माझ्या मुलीला, रेवाला, मफलर विणायला शिकवत होत्या. रेवा कुरकुरली, "आजी, ये तो गलत हो गया. उलटा डाला था, सुलटा दिख रहा है." आई म्हणाल्या, "येडी! मांगून उलटा टाकला म्हणूनच तं पुढून सुलटा दिसते. पलटवून पाह्य."

मी हातातली बादली तिथेच टाकली. धावत गेले, मफलर हिसकावून घेतला. "आई, उलटा टाका म्हणजे उणे. कापड पलटवणं म्हणजे उण्याने गुणणं. आता उलटा टाका घ्या आणि पलटवा!" आईंनी कापड पलटवलं. पुन्हा पलटवलं. मग सुलटा टाका धरून पलटवला, तो उलटा झाला. "म्हणजे हे मले येतच होतं..." असं हळूच म्हणाल्या आणि अशा खळखळून हसायला लागल्या की खालून सासरे "काय झालं वं?" करत धापा टाकत वर आले. त्यांनाही चार वेळा पलटवून दाखवलं.

आई परीक्षेला बसल्या. हिंदीत जेमतेम सुटल्या, अर्धा पेपर मराठीतच लिहिला असणार. गणितात मात्र आमच्या घराण्यात कुणाला पडले नसतील एवढे मार्क! सासऱ्यांनी गल्लीभर जिलेबी वाटली. आई दिवसभर नवं लुगडं नेसून दारात बसल्या होत्या, येणाऱ्या-जाणाऱ्याने विचारावं म्हणून. मला जवळ घेऊन एवढंच म्हणाल्या, "झाली वं पुरी." मी तेव्हाही रडले.

गेल्या आठवड्यात मी शाळेतून आले, तर शेजारच्या साहूबाई स्वयंपाकघरात आईंच्या खुर्चीवर बसलेल्या. दुपारभर कंपाउंडच्या भिंतीशी उभ्या राहून त्यांच्या आणि आईंच्या गप्पा चालत. मला वाटायचं, सुनांची उणीदुणी काढत असतील.

"बहू, मुझे भी दसवीं करनी है," साहूबाई पदराशी चाळा करत म्हणाल्या. "दीदी पढ़ा रही थीं. अब तुम पढ़ा दो."

मी चहा टाकला, डोळे पुसले, कपाटातून एक गणिताचं पुस्तक काढलं. "चलिए, पूर्णांक से शुरू करते हैं. माइनस को माइनस से गुणा करें तो..."

साहूबाईंनी मला हातानेच थांबवलं. "वो तो दीदी ने करा दिया, क्यों होता है वो भी. उसके आगे से चालू करो."

मी पुढचा धडा उघडला.