तोंडी करारातली शेवटची अट

बिबवेवाडीतल्या एका खोलीत रुकसाना अकरा वर्षं साड्यांना फॉल-पिको करत होती. पण भाडेकराराचा कागद तिने कधी पाहिला नव्हता. नवरा, चांद, गेला तेव्हा मिसबा सात वर्षांची. सासरच्यांनी हात वर केले. घरमालक सोनबा मात्र म्हणाले, "हितंच ऱ्हा. कागद कशाला पायजे? मी हाय न्हवं." अशा माणसाकडे कागद मागायला तिची जीभ रेटली नाही. त्यांचे उपकार ती रोज आठवायची, अगदी नमाजातही.

सोनबा वारले आणि वर्षाच्या आत त्यांचा मुलगा इंद्रजीत दारात उभा राहिला. त्याला तिथे मोबाइलचं दुकान थाटायचं होतं. "भाभी, करार दाखवा. नाही? मग हक्क कसला सांगता?" आठवड्यातच त्याने तिची वीज तोडली. मशीन बंद पडलं, आणि मिसबाची बारावीची परीक्षा अडीच महिन्यांवर आलेली. खोली गेली तर पोरीचं वर्ष हातचं जाणार, या धास्तीने रुकसानाचा जीव अर्धा झाला.

साडी परत न्यायला आलेल्या अक्षता वकिलांनी हे ऐकलं आणि तिथेच स्टुलावर बसकण मारली.

"करार लिहून नोंदवायची जबाबदारी मालकाची, रुकसानाताई. तो नसेल तर काय ठरलं होतं, ते तुम्ही सांगाल तसं धरतात. खोटं असेल तर त्यांनी सिद्ध करावं. आणि वीज तोडायचा तर त्यांना मुळीच अधिकार नाही. बोला, काय ठरलं होतं?"

रुकसानाला रडूच फुटलं. एवढी वर्षं ती स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखी अंग चोरून वावरली होती! डोळे पुसून तिने भाडं सांगितलं, विजेचं सांगितलं, पाण्याचं सांगितलं. मग म्हणाली, "आणि मिसबाची बारावी झाली की खोली सोडायची."

वकीलबाईंचं पेन थांबलं. "हे आणखी कुणाला ठाऊक आहे?"

"नाही. सोनबाकाका आणि मी, दोघंच होतो."

"नीट विचार करा. एरवी कोर्टाच्या हुकमाशिवाय तुम्हाला कुणी हलवू शकत नाही. हे लिहिलंत तर तुम्हीच दार उघडून दिल्यासारखं होईल."

"लिहा, मॅडम."

या सगळ्या अटी लिहिलेलं वकीलबाईंचं पत्र मिळताच इंद्रजीतने मुकाट्याने वीज जोडून दिली. संध्याकाळी तो पत्र घेऊनच आला. दिव्याखाली मिसबा पुस्तकात डोकं घालून बसली होती.

"शेवटची अट कशाला लिहिलीत? आप्पा मला काही बोलले नव्हते."

"म्हणून तर लिहिली, भाऊ. त्यांच्या शब्दावर माझी पोर शिकली. आता तो शब्द ठाऊक असलेली मी एकटीच उरले होते."

इंद्रजीतने चपला काढल्या, आत येऊन स्टुलावर बसला आणि विचारलं, "मिसबा, बारावीनंतर पुढे काय शिकायचंय?"